कळा आजच सुरू झाल्यात

तुला दोनदा हलवून सांगितलं, कळा सुरू झाल्यात. "आज कशा? ऑपरेशन शुक्रवारी ठरलंय ना," म्हणालास आणि कूस बदलून घोरायला लागलास. गर्भाशयाला तुझ्या रजेचं वेळापत्रक कळत नाही.

शेजारच्या काकूंबरोबर दवाखान्यात जातेय. मागच्या सिझेरियनचा व्रण भक्कम आहे, शुक्रवारआधी आपणहून कळा आल्या तर या वेळी नॉर्मल होऊ शकेल, असं डॉक्टरीणबाई तुझ्यासमोरच म्हणाल्या होत्या. तू मोबाइलमध्ये होतास. नाहीच जमलं, तर ऑपरेशनसाठी सही मी करेन.

छकुली उठली की दूध दे. ते तापवावं लागतं.

"हिला कळा सोसवत नाहीत" हे आईंचं पालुपद तिथे ऐकवू नकोस. आलास तर बाहेर बस. प्रसूतीच्या खोलीत सोबतीला एकालाच सोडतात. मी काकूंचं नाव देणार आहे.