वरून पहिली ओळ

प्रिय कुलूपबाई,

हॉस्पिटलात तुझं हे नाव अजून चालतं, पण आता कौतुकानं नाही. तीन वर्षं चिठ्ठी नाही, चपाटी नाही आणि आज एकदम पत्र, म्हणून कपाळाला आठ्या घालशील. घाल. निदान त्या तरी माझ्यासाठी असतील.

हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या त्या स्विचच्या खोलीत मी एकटीच असते. तुझ्या खुर्चीवर फायली रचून ठेवल्यात, म्हणजे ती रिकामी दिसत नाही. डबाही यंत्रांची घरघर ऐकत खाते. फार एकटं वाटतं गं. आज नव्या वॉर्डासाठी परवानग्यांची यादी केली: कुठल्या कॉम्प्युटरला पुढे सोडायचं, कुणाला कुलूप लावून अडवायचं. तुझ्या शिस्तीप्रमाणे आधी कागदावर लिहिली. स्विच यादी वरून खाली वाचतो, जी ओळ पहिली लागू पडेल तिथंच निकाल, पुढचं तो बघतही नाही. हे तू माझ्याकडून इतकं घोकून घेतलंस की माझ्या लेकीलासुद्धा पाठ झालंय. ती आता शिकायला दूर गेली, त्यामुळे घरीही मी एकटीच.

काल साहेबांनी ऑफिसात नव्या लागलेल्या दोघींना तुझा किस्सा सांगितला. लॅबचे रिपोर्ट चार तास वॉर्डांत पोचले नाहीत, डॉक्टर जिने चढून कागद नेत होते, आणि सगळं कुलूपबाईंच्या एका ओळीमुळे. त्या दोघी हसल्या. मी उठून स्विचच्या खोलीत आले.

ती ओळ तुझी नव्हती. तू चहाला गेली होतीस, तुझं लॉगिन उघडं होतं. लॅबचा एक जुना कॉम्प्युटर अडवायचा होता, म्हटलं तेवढं मीच उरकते. त्या कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्यात आकडा चुकला, एकाऐवजी अख्खी लॅब अडली, आणि ओळ घातली सगळ्यांत वर. तू आलीस आणि न बघता सेव्ह केलंस. चौकशीत तू म्हणालीस, ‘माझ्याच हातून झालं असेल.’ मी शेजारी बसून नखं कुरतडत राहिले. तुझी नोकरी गेली, माझी राहिली.

आज सकाळी हे सगळं लिहून, खाली सही करून साहेबांना दिलं. माझं काय करायचं ते ते ठरवतील. तुझ्या नावावरचा ठपका काढायचं मात्र त्यांनी कबूल केलंय. ते तुला फोन करतील, तो उचल. माझा नाही उचललास तरी चालेल. हे लिहिता लिहिता तुझ्या खुर्चीवरच्या फायली मी काढून ठेवल्यात.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
शेजारच्या खुर्चीवरची