राखेनंतरचा अंधार

अण्णा,

१. रविवारी तुमच्या थिएटरात फिल्म क्लबचा खेळ झाला. तुमच्या जागी प्रोजेक्टर आता मी, तुमची लेक, चालवते.

२. चित्रपट जगाच्या शेवटाचा. दोन तास एक आई आणि तिचा मुलगा अंगणात पडणारी राख झाडतात. मग पडदा काळा होतो आणि बराच वेळ फक्त झाडूचा आवाज येतो.

३. त्या अंधारात शिट्ट्या सुरू झाल्या. मशीन बिघडलं समजून मालकांनी हॉलचे दिवे लावले.

४. लोक उठले. शेवट कुणीच पाहिला नाही.

बाहेर पायऱ्यांवर वाद. "दोन तास केर काढत्यात आन् म्हणं सिनेमा," एक जण म्हणाला. "आमच्या घरला या की, फुकट दावतो." लोक हसले. आत एक निवृत्त शिक्षिका मात्र खुर्चीवरून उठेनात. दिवे बंद करा, अजून संपलेलं नाही, एवढंच म्हणत राहिल्या. मालकांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, येत्या रविवारी हाच खेळ पुन्हा आहे, तेव्हा तो अंधार नको, नाहीतर क्लब बंद. आता रीळ नसतं, फाइल येते; ती कापता येत नाही. अंधाराआधी थांबवता येते.

तुम्ही कात्रीने कापायचात. मालक सांगतील तेवढा तुकडा रिळातून काढायचात आणि प्रिंट परत पाठवताना पुन्हा चिकटवायचात. मी लहान आहे, केबिनमध्ये स्टुलावर बसले आहे. खेळ सुटल्यावर एक म्हातारी धापा टाकत जिना चढून येते. "त्यो आजारी बाप जगला का वो? तुमी मदीच संपवलं की." मला हसू फुटतं. तुम्ही माझ्याकडे असं बघता की ते थांबतं. मग तिला कापलेला शेवट उभ्याउभ्या सांगता, तो बाप मरेपर्यंत. ती पदराने तोंड पुसते. "बरं झालं सांगितलासा. जिवाला घोर लागला असता."

तुम्ही आजारी पडलात तेव्हा माझी दहावी होती. घरच्यांनी मला अक्कलकोटला मावशीकडे ठेवलं. फोनवर सगळे बरं आहे म्हणत. शेवटचा पेपर झाल्यावर घरी आणलं, तेव्हा तुमची कॉट जागेवर नव्हती. त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं, हे मला मान्य आहे. त्या दिवसांत काय झालं, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तरी एक सांगते. खेळाआधीच्या तपासणीत मी तो अंधार न बघता, न ऐकता पळवला होता. तिथे तपासण्यासारखं काही नाही, असं मीच ठरवलं.

चालू ठेवू की थांबवू, शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.