उंचवट्यांच्या कुरणातली वाट

९ मार्च १९२६

कुरणाच्या फाटकाला कुलूप! चर्चला निघाले, हात सवयीने कडीवर गेला, तर हाताला थंडगार लोखंड. नव्या मालकांनी, हॅलेटसाहेबांनी, लावलंय — मेंढ्या बिचकतात म्हणे. आता सगळ्यांनी सडकेने लांबचा वळसा घालायचा, चिखल तुडवत.

आमचं चर्च असं रानात एकटं का, हे त्यांना कोण सांगणार? नेदरकोम गाव मुळात तिथेच होतं. जुन्या महामारीत निम्मी माणसं गेली, उरलेल्यांनी ओढ्याच्या अलीकडे घरं बांधली. चर्च राहिलं तिथेच. मधल्या कुरणात घरांच्या जागी गवताचे उंचवटे उरले, आणि त्यांच्यामधून जाणारी आमची वाट.

१५ मार्च

ईनॉक खोकतोय. माझा धाकटा भाऊ, पण दिसतो माझ्याहून म्हातारा. घंटा वाजवायला सडकेने भिजत गेला. ऐकतो कुणाचं!

१८ मार्च

घंटा नाही. संध्याकाळ पोकळ वाटली.

२२ मार्च

ताप चढलाय. गावात सगळ्यांच्या तोंडी एकच — ज्या वाटेने प्रेत गेलं ती वाट कायमची गावाची, मग कुणाच्या बापाला बंद करता येत नाही. आजवर प्रेतं गाडीवरून सडकेनेच गेली. पाद्रीबाबा म्हणतात, असा कायदाच नाही. पण पाद्रीबाबा पडले शहरातले.

ईनॉक पडल्या पडल्या म्हणाला, "अगं थर्झा, मला कुरणातूनच न्या. जन्मभर घंटा वाजवली, जाता जाता तेवढं एक कुलूप उघडतो."

मी सुपाचा वाडगा त्याच्यापुढे आदळला. मग बाहेर जाऊन कोंबड्यांना उगाच दुसऱ्यांदा दाणे टाकले.

२७ मार्च

दारात रीघ. कुणी अंडी आणतं, कुणी मध. सगळे विचारतात, कसा आहे? 'जरा बरा' म्हटलं की चेहरे किंचित उतरतात. वाईट कुणीच नाही. जेबेझ लोहार तर त्याच्यापाशी बसून खरोखर रडला — आणि जाताना शवपेटी कुणी कुणी उचलायची ते ठरवून गेला!

वाटेसाठी माझाही जीव तुटतो. पण भावाच्या बदल्यात? नको मला ती वाट.

३१ मार्च

तो झोपला तेव्हा फाटकाशी जाऊन उभी राहिले. उन्हं कलली की उंचवट्यांच्या सावल्या लांबतात आणि गवतातून गल्ल्या वर येतात, उंबरे दिसतात. लहानपणी मी न् ईनॉक इथली घरं वाटून घ्यायचो. माझं तळ्याकाठचं. आजही तिथून धूर निघतोय असं वाटलं, कुणीतरी पाव भाजत असावं.

पलीकडून काठी टेकत हॅलेटसाहेबांच्या आई आल्या. काय बघताय, म्हणाल्या. मी सगळं सांगून टाकलं — घरं, महामारी, प्रेताची वाट, ईनॉकसुद्धा. मालकाची आई, तिला कशाला सांगावं! पण सांगितलं.

"कुणाचंही चालतं का हो?" त्यांनी विचारलं.

"कुणाचंही. फक्त माझ्या घरातलं नको."

त्या हसल्या. इथे एखादं घर रिकामं आहे का, असं विचारायला लागल्या. गंमत वाटली. यूच्या जुन्या झाडाजवळचं दिलं त्यांना. दुपारी सावली असते तिथे.

६ एप्रिल

ताप उतरला! ईनॉकने बेकन मागितलं. गावाला फसवल्यासारखा ओशाळा होऊन बसलाय. "एवढी अंडी खाल्लीस, लाज वाटत नाही जगायला?" जेबेझ म्हणाला, आणि त्याचे केस विस्कटले. मी चुलीशी तोंड करून पोटभर रडले.

१२ एप्रिल

घंटा वाजली. सडकेनेच गेला. परत यायला अंधार पडला.

२० एप्रिल

सकाळी हॅलेटसाहेब दारात, टोपी हातात. आई काल झोपेतच गेली म्हणाले. ईनॉकने घंटा वाजवावी.

मग खिशातून कुलूप काढून टेबलावर ठेवलं.

"मला कुरणातून न्या आणि फाटक परत लावू नका, असं सांगून ठेवलं होतं तिने. आणि म्हणाली, जाताना माझ्या घरावरून न्या. तिचं घर कोणतं, तुम्हाला ठाऊक आहे म्हणे."