वरच्या मळ्याचा भुरका

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
बिट्टीचा सा. न. वि. वि.

चहा चाखायला पगार कोण देतं, असं तू विचारलंस. देतात गं, पण माझी नोकरी अजून कच्ची आहे. चाखणीच्या खोलीत लांब टेबलावर पांढऱ्या कपांची रांग असते. प्रत्येकात सारखीच पत्ती, सारखंच उकळतं पाणी. वाळूचं घड्याळ रिकामं झालं की चहा वाटीत गाळायचा आणि चमच्यानं चाखायचा. डोंगरावरच्या अगदी वरच्या मळ्याचा चहा आमचा मानाचा. थंडीत पान सावकाश वाढतं, म्हणून त्याला फुलांसारखा वास येतो म्हणतात. मला मात्र तो येतच नाही.

कारण भुरका! चमचाभर चहा हवेसकट असा ओढायचा, की वास टाळूमागून नाकात चढला पाहिजे. इथे सगळे खोली दणाणून सोडतात. आणि मी पडले तुझ्या हाताखाली वाढलेली. खाता-पिताना जरा आवाज झाला की तुझी पट्टी आठवते आणि ओठ आपोआप मिटतात. हेड टेस्टरबाईंनी माझं नाव मुकी मांजर ठेवलंय. पंधरवड्यानं परीक्षा आहे. जागा एक, आम्ही तिघं. नापास झाले तर पॅकिंगमध्ये खोकी चिकटवत बसायचं. मला हेच काम हवंय, आत्या. काय करू?

सोबत वरच्या मळ्याचा पुडा पाठवतेय. दूध घालशील तर खबरदार.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी बिट्टी

दि. ९ मार्च

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अगं वेडे, डॉक्टर दवाखान्यात जीभ दाखवायला सांगतात, म्हणून घरी आलेल्या पाहुण्यांनाही सांगतात का? जिथलं तिथं. मी शिकवलं ते बरोबरच होतं, त्यातलं एक अक्षर मागे घेणार नाही. पण कामाच्या जागी कामाची रीत.

तरी स्वतः केल्याशिवाय दुसऱ्याला सांगू नये, म्हणून काल खिडक्या लावून घेतल्या, तुझा चहा केला आणि भुरका मारला. पहिला थेट नाकात गेला. ठसका ऐकून हे धावत आले आणि माझी पाठ बडवायला लागले. दुसरा अंगावर सांडला. तिसऱ्याला मात्र, काय सांगू बिट्टे, वास असा चढला की मी खुर्चीतच बसून राहिले! इतकी वर्षं मी चहा नुसता गिळत होते. आता ह्यांनीही सुरू केलंय, आणि हे माझ्यापेक्षा मोठ्यानं मारतात, ते मला मुळीच खपत नाही.

तेव्हा लाज गुंडाळून ठेव आणि खोली हादरव. ही आज्ञा समज. कच खाल्लीस तर गाठ माझ्याशी आहे.

तब्येतीला जप, आणि माया आहे हे सांगायला लावू नकोस.
तुझी आत्या

दि. २० मार्च

ती. आत्यास,
आधी बातमी, मग नमस्कार. जिंकले!

परीक्षेला सहा कप होते, सगळे वरच्या मळ्याचे म्हणून मांडलेले. त्यातला सर्वांत उत्तम निवडायचा होता. बाकी दोघांनी चौथा उचलला. रंग तांबूस, झळझळीत, बघूनच मन भरावं असा. मी डोळे मिटले, तुझी आज्ञा आठवली आणि असा भुरका मारला की शेजारच्या ऑफिसातला कारकून दारात डोकावला. चौथ्याचा वास चढला आणि अर्ध्यावरच बसला. मागे उरला तो नुसता कडवटपणा. मी सरळ सांगून टाकलं, की हा निखळ वरचा नाही, ह्यात खालच्या मळ्याची पत्ती मिसळलीय.

ते दोघं हसले. बाई हसल्या नाहीत. सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं मूठभर पत्ती मिसळली होती! मग सर्वांत उत्तम कोणता, असं त्यांनी विचारलं. मी दोन नंबरचा कप दाखवला. रंगानं बापडा फिका, पण वास नाकातून उतरता उतरेना. बाईंनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की तोंडातला घोट बाहेर आला.

आता वरच्या मळ्याचा माल माझ्या होकाराशिवाय फाटकाबाहेर जात नाही. आज पहिलाच दिवस. ट्रक भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मॅनेजर दारात घिरट्या घालताहेत. मी सावकाश चहा गाळला. निवू दिला. भुरका मारला, आणि चव इतकी सुरेख होती की उगाचच आणखी एक मारला. मग मान हलवली.

ट्रक निघाला, आत्या.

दोघांना नमस्कार. आशीर्वाद आहेतच, ते तसेच चढते असू देत.
तुझी,
टी-टेस्टर बिट्टी