दहापैकी चार

रविवार, २ फेब्रुवारी

पहिली गाडी नापास! चिक्कडपल्लीच्या शिवराज अंकलची आठशे — पांढरी, अठ्ठ्याण्णवची, एकहाती वापरलेली. मला तर झकास वाटली. टँक बंडपर्यंत नेली, एकदा बंद पडली नाही. बाबा आधी मागच्या दाराशी उभेच! "बसा ना पटकन!" — खेकसले मी. मग स्वतःच दार उघडून बसले. पुढं बसा म्हटलं तर नाही. "मागून गाडी कळते." पस्तीस वर्षं साहेबांकडे ड्रायव्हरकी केलेला माणूस, काय बोलणार! घरी येऊन निकाल — क्लच मऊ, गिअर लोण्यासारखे, पण खड्ड्यात पत्रा वाजतो. दहापैकी चार.

नवी घेऊ म्हटलं तर नको. साहेबांच्या दोन गाड्या हाकल्या, आधी फियाट, मग आठशे. त्यातलीच एक आपल्या दारात पाहिजे. काचबिंदूमुळे ते चालवणार नाहीतच, चालवायची मीच. "दिसतंय तवर आण, रूपा." आठवडाभर बँकेत मरायचं आणि रविवारी हे! विहारात जायचंही राहिलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं — जेमतेम दोन-तीन महिने, मग फार दिसणार नाही. बाबांना बोलले नाही. गाडी लवकर मिळायला हवी. थकले मी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

उद्या फियाट. अंग मोडून आलंय. बाबांनी मात्र पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

रविवार, ९ फेब्रुवारी

नामपल्लीला एका दलालाकडे. फियाट देखणी, पण गिअर स्टेअरिंगला — दंड भरून आले. पोचलो तेव्हा मी फोनवर, आबिड्स ब्रँचचं लचांड. बोलता बोलता गाडीत बसले. फोन ठेवला तर मी मागच्या सीटवर! हसत उतरले, पुढं गेले. बाबा हसले नाहीत. मार्कही दिले नाहीत. विचारलं तर, "ऱ्हाऊ दे आता गाडी."

वैतागले. किती नखरे! म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणतात ते —

थांब. मी मागं बसले कशी?

दार उघडलं होतं कुणीतरी. दलाल ओरडला होता, फोनमधूनही ऐकू आलं होतं — "अरे चाचा, खड़े कायकू? मॅडम कू बिठाओ!" आणि बाबांनी दार उघडलं. माझ्यासाठी. मान जराशी वाकवून, एक हात वर धरून, माझं डोकं लागू नये म्हणून. आणि मी बसले! वरही पाहिलं नाही.

दलालाला त्यांची लेक दिसली नाही, मॅडम दिसली. त्याला काय बोलू? मला तरी बाप कुठं दिसला!

पस्तीस वर्षं दारं उघडली त्यांनी. त्यांच्यासाठी एकदा तरी कुणी उघडलं असेल का? लाज वाटते. रडू येतंय.

रविवार, १६ फेब्रुवारी

परत चिक्कडपल्ली. तीच आठशे, तोच पत्रा. बाबा यायलाच तयार नव्हते, कशीबशी मनधरणी करून आणले. मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी वळसा घालून गेले, दार उघडलं, एक हात वर धरला. "बसा, बाबा."

माझ्याकडे बघत राहिले. मग बसले. शर्ट नीट केला, काच खाली घेतली.

"दहा," म्हणाले.

गाडी अजून चालूही केली नव्हती!