'सजेस्ट'नंतर 'टू' येत नाही

२ जून, सोमवार.
लोकांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, क्लासवाल्याचं जूनमध्ये. संकल्प: रोज एक पान लिहायचं, दिवाळीला पुस्तक तयार. विषय असा, की अख्ख्या नाशकात कुणी हात घातलेला नाही. इंग्रजीत कोणत्या क्रियापदानंतर काय येतं. 'एन्जॉय'नंतर आयएनजी. 'वाँट'नंतर टू. 'मेक' आणि 'लेट'नंतर आधी माणूस, मग नुसतं क्रियापद, टू अजिबात नाही. पंचवटीत एकोणीस वर्षं हेच शिकवतोय. बाकीचे क्लासवाले टेन्स घोकून घेतात आणि सुटतात.
यंदा साठ मुलांची बॅच. आज सात आली. सोमवार होता.

५ जून, गुरुवार.
पान झालं नाही. खालच्या मजल्यावर बोर्ड लागला, स्पोकन इंग्लिशचा. क्लास रोहिणीचा. आठ वर्षांपूर्वीची माझीच विद्यार्थिनी. मखमलाबादची, आईवडील झेंडू पिकवून फूलबाजारात विकतात. बारावीत असताना वर्गात म्हणाली होती, 'माय फादर सजेस्टेड मी टू जॉइन.' सजेस्टनंतर टू येत नाही. तास संपेपर्यंत उभी केली आणि ते वाक्य एकदा चुकीचं, एकदा बरोबर, असं म्हणायला लावलं. मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. पण आज स्वतःचा क्लास काढला. पाया माझाच.
पेढे घेऊन वर आली, वाकून नमस्कार केला. तिला सांगितलं, बोर्डावर 'वी हेल्प यू स्पीकिंग' लिहिलंय, तिथे 'स्पीक' पाहिजे. म्हणाली, बरं झालं सांगितलंत सर. संध्याकाळपर्यंत दुरुस्त केलं. मनातून खजील झाली असणार.

१२ जून, गुरुवार.
महिनाअखेर उज्वलाची मुलाखत, पुण्याच्या कंपनीत. माझी मुलगी बीकॉम झाली, कागदावर इंग्रजी उत्तम, पण तोंडातून निघत नाही. रोज चहानंतर तयारी घेतो. प्रश्न एकच, स्वतःबद्दल सांगा. चार दिवसांत तिचं तिसरं वाक्य आलेलं नाही, कारण पहिल्या दोनातच पाच चुका, आणि चूक तिथल्या तिथे काढावी हे माझं तत्त्व. आज ती मध्येच गप्प बसली. साधना म्हणाली, अहो, एकदा शेवटपर्यंत बोलू द्या तिला. आमची ही झेडपीच्या शाळेत पहिलीला शिकवते. पहिलीत चालतं तसं.
संध्याकाळी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ का, असं उज्वलाने विचारलं. परवानगी दिली.

२० जून, शुक्रवार.
पाने: शून्य. मुले: चार. लताबाई मुलाचं नाव काढायला आल्या. म्हणाल्या, सर, तुमच्यावर राग नाय, पण पोरगं घरी इंग्लिश बोलंना, नुसते नियम सांगतं. आता खाली जातो म्हणतंय. म्हटलं, जाऊ द्या खुशाल. परत येईल तेव्हा दार उघडंच आहे.
त्यांनी मुलाची वही परत मागितली. माझ्याकडे तपासायला होती. तीन पानं नुसती लाल.

२२ जून, रविवार.
ठरलं. येत्या शनिवारी खाली पालकांसाठी कार्यक्रम आहे, मुलं इंग्रजीत बोलून दाखवणार. मला आमंत्रण आहे. जायचं, मागे बसायचं, एकेक चूक टिपायची आणि शेवटी पालकांसमोर शांतपणे वाचून दाखवायची. वैयक्तिक काही नाही. इंग्रजीचा प्रश्न आहे.

२८ जून, शनिवार.
शेवटच्या ओळीत बसलो. पन्नासेक माणसं होती. वीस मिनिटांत एकतीस चुका. एक पोरगा 'ही सेड मी' म्हणाला, तरी रोहिणीने त्याला थांबवलं नाही, नुसती मान हलवत राहिली. आणि त्यावर लोक टाळ्या वाजवतात. मी वही घेऊन वाचायला उठणार, तेवढ्यात तिने पुढचं नाव घेतलं. उज्वला.
आमची उज्वला.
वडिलांबद्दल बोलली. म्हणाली, 'माय फादर नोज एव्हरी व्हर्ब. ही नेव्हर लेट मी फिनिश अ सेंटेन्स.' वाक्य पुरं करू दिलं नाही म्हणे. लेट, माणूस, नुसतं क्रियापद. बरोबर. मग तिला मी दिसलो. थांबली. रोहिणीकडे पाहिलं, आणि पुढे बोलली. 'सो आय स्टॉप्ड टॉकिंग टू हिम.'
चार मिनिटं बोलली. एकही चूक सापडली नाही.
यादी न वाचताच उठलो. बाहेर रोहिणी म्हणाली, सर, तिला मी सांगितलं होतं, आधी घरी सांग म्हणून. भ्यायली ती. मग म्हणाली, रविवारी आमच्या मुलांना क्रियापदं शिकवाल का? तुमच्याइतकं कुणाला येत नाही. कळवतो म्हटलं. कळवायचं नाहीच आहे.

२९ जून, रविवार.
विचार केला. 'स्टॉप'ची गंमत अशी, की पुढे आयएनजी आलं तर ते काम बंदच केलं. टू आलं, 'स्टॉप्ड टू टॉक', तर हातातलं सोडून बोलायला थांबलो. भलेभले इथे घसरतात. घाईत तीही घसरली असणार. तिला म्हणायचं होतं, की ती माझ्याशी बोलायला थांबायची.
संध्याकाळी विचारीन.

३ जुलै, गुरुवार.
निवड झाली. माझ्या तयारीचं फळ. साधनाने शिरा केला. उज्वला पेढे घेऊन आधी खाली गेली, मग वर आली. विचारायचं राहून गेलं. घरात पाहुणे होते.

२० जुलै, रविवार.
ठक्कर बाजारच्या स्टँडवर तिला पुण्याच्या बसमध्ये बसवून दिलं. साधनाचे गुडघे दुखत होते, मी एकटाच गेलो. बॅग वर ठेवली. बस सुटायला दहा मिनिटं होती, म्हणून विचारलं. म्हटलं, त्या दिवशीच्या वाक्यात स्टॉपनंतर तुला टू म्हणायचं होतं ना? होतं असं घाईत, रागावलो नाही.
तिने तिकिटाची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. मी मध्ये बोललो नाही. मग म्हणाली, नाही बाबा. बरोबरच बोलले होते मी.
घरी आलो. साधनाने विचारलं, काय म्हणाली पोरगी? म्हटलं, काही नाही, व्याकरणाचंच बोललो.