ओहोटीला दिसणारा माणूस

४ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचे. सामानाचा टेम्पो उशिरा पोचला, चालकाने कपाट उतरवताना सगळ्या जगाला शिव्या घातल्या, पण आरसा शाबूत आहे. घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे काचेची पडवी. पडवीसमोर नुसता ओहोटीचा चिखल, ओल्या पाटीसारखा चकचकीत, पार समुद्राच्या रेघेपर्यंत. त्यावरून लाकडी फळ्यांची वाट वळणं घेत जाते. दोन्ही बाजूंना कठडा, टोकाला पक्षी बघणाऱ्यांसाठी बांधलेली झोपडी. या वाटेची देखभाल ही माझी नवी नोकरी. सकाळी फाटक उघडायचं, फळ्यांवरची पक्ष्यांची शीट खरवडायची, सैल झालेले स्क्रू आवळायचे आणि कोणी कठडा ओलांडून चिखलात उतरायला लागला की ओरडायचं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात वाफेत उकडून निघाल्यावर ही नोकरी म्हणजे पगारी सुट्टीच.

यांची खुर्ची पडवीत मांडली. गळ्यात दुर्बीण अडकवून बसलेत. अर्धांगाचा झटका येऊन क्रेनची नोकरी सुटली तेव्हा गोदीतल्या मित्रांनी वर्गणी काढून ही दुर्बीण दिली होती. आयुष्यभर उंच केबिनमध्ये बसून खालची माणसं बघितलेला माणूस, तीन महिने आमच्या जुन्या घरात समोरच्या भिंतीकडे बघत होता. आज दुपारी स्वतःहून हाक मारून त्यांनी मला शेकाट्या दाखवला. केवढे लांब ते पाय, काठ्यांवर चालल्यासारखे. हे हसले. डावीकडचा ओठ अजून पुरता वर जात नाही, पण हसले.

ही वही डॉक्टरांनी औषधांच्या नोंदीसाठी ठेवायला सांगितली होती. औषधं दिली. बाकी जागा माझी.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काम अंगवळणी पडतंय. तुतवार आणि चिखल्या या पक्ष्यांतला फरक मला अजून कळत नाही, हे दिवसातून दहादा समजावतात आणि वैतागतात. त्यांनी वैतागावं हेच मला हवंय.

फाटकाजवळच्या खोपटात तिकीटबाई बसते. गोल, बडबडी, हातात कायम विणकाम. तोंड रस्त्याकडे, पाठ चिखलाकडे. एवढी वर्षं इथे आहे आणि एक पक्षी ओळखत नाही. म्हणते, ते कुठे आपल्याला ओळखतात? मी तिला विचारलं, आमच्या आधीचा रखवालदार का सोडून गेला. तिने टाके मोजायला घेतले आणि मग माझं ब्लडप्रेशर विचारलं.

यांना आज झोपडीच्या डाव्या अंगाला, बरंच आत, चिखलावर पालथं मडकं दिसलं. मीही बघितलं. काळं, गोल काहीतरी. कुठून तरी वाहून आलं असेल.

११ नोव्हेंबर, सोमवार

मडकं नाही ते. त्याखाली आता खांद्यांसारखं काहीतरी उघडं पडलंय. ओहोटीच्या पाण्याने चिखल धुपतो, त्यात जुना खुंट वर आला असणार, असं मी म्हटलं. यांनी मान हलवली नाही. कुरव पक्षी सगळीकडे उतरतात, त्याच्या डोक्यावर मात्र एकही बसत नाही, खुंट असता तर बसला असता, असं त्यांचं म्हणणं.

तिकीटबाईला विचारलं. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“खुंट आहे तो,” ती म्हणाली. “सगळे खुंटच म्हणतात. तुम्हीही म्हणा.”

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज घाईत लिहितेय, अक्षर गचाळ येईल.

सकाळी यांनी मला एवढ्या जोरात हाक मारली की हातातली कपबशी पडली. दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. माणूस आहे. छातीपर्यंत चिखलात, सगळा काळा, डोळे मिटलेले. मी बघत असतानाच त्याने तोंड उघडून श्वास घेतला.

बचाववाल्यांना फोन केला. ते सपाट बोट आणि फळ्या घेऊन आले, तरणीताठी पोरं, कामाला चोख. मी वाटेवर उभी राहून हातांनी खुणा करत होते, अजून पुढे, थोडं डावीकडे. ते त्याच्यापाशी पोचले. अगदी पोचले. एकाने त्याच्या खांद्याशेजारी बांबू खुपसून बघितला आणि माझ्याकडे वळून हात झाडले, इथे काही नाही. मी ओरडत होते, तुमच्या हाताशी आहे, धरा त्याला. बोट त्याला घासून परत फिरली तेव्हा त्याने मान वळवली आणि ती जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला.

त्यांचा म्होरक्या सभ्य होता. उन्हाने चिखलावर असे भास होतात, दुर्बीण फार वेळ लावू नका, म्हणाला. जाताना यांच्याकडे बघून मला हळूच विचारलं, घरी मदतीला कोणी आहे का?

दुपारी भरती आली. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं, मग डोक्यावरून गेलं. मी पडदा ओढला. यांनी तो परत सरकवला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पाणी उतरलं. तिथेच आहे. कंबरेपर्यंत.

१६ नोव्हेंबर, शनिवार

हे सकाळपासून दुर्बीण खाली ठेवत नाहीत. जेवण भरवावं लागलं, तेही दुर्बिणीखालून. मी रागावले तर हे शांतपणे म्हणाले, की क्रेन चालवणाऱ्याचा पहिला नियम काय, खाली माणूस उभा असेल तर नजर काढायची नाही. नजर काढली की तो मेला. आता या माणसाकडे बघायला सगळ्या जगात आपणच दोघं आहोत.

या स्वभावावरच तर मी भाळले होते.

संध्याकाळी त्यांचे पाय पुसायला घेतले. बर्फासारखे गार. मोजे घोट्यापर्यंत ओले. चहा सांडलात का, विचारलं. मोजा काढला तर बोटांच्या बेचक्यांत चिखल. काळा, बारीक, खारट वासाचा. हे आठवडाभर पडवीच्या बाहेर गेलेले नाहीत. माझ्याच पायांनी घरात आला असेल अशी मनाची समजूत घातली. पण माझे बूट मी बाहेर काढते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

तिकीटबाईला आज सोडलं नाही. खोपटाचं दार लावून घेतलं आणि तिच्या सुया काढून घेतल्या. आधी तिने कानांवर हात ठेवले. मग रडली. मग सांगितलं.

आधीच्या रखवालदारालाही असंच डोकं दिसलं होतं. दुसऱ्याच कुणाचं तरी. भला माणूस, एकटा जीव, त्याच्याने बघवेना आणि न बघताही राहवेना. तो बघायचा तसा चिखलातला वर यायचा. बाईला वाटलं होतं, बरंच आहे, कोणीतरी सुटतंय. एका सकाळी चिखलातला माणूस वाटेवरून चालत आला, तिच्या खिडकीसमोरून गेला आणि बसमध्ये चढून निघून गेला. कंडक्टरने त्याला तिकीटसुद्धा विचारलं नाही. ती रखवालदाराला सांगायला घरी धावली, तर खुर्ची रिकामी. खुर्चीखाली त्याच्या चपला, काठोकाठ चिखलाने भरलेल्या.

आत्ता जो तिथे आहे, तो तोच का, असं मी विचारलं. तिला माहीत नाही. तेव्हापासून तिने मागे वळून बघितलेलंच नाही.

आधी का नाही सांगितलं, मी म्हणाले. ती म्हणाली, “तुम्ही हसला असतात हो.”

हसलेच असते.

घरी येऊन यांची पॅन्ट वर केली. गुडघ्यापर्यंत कातडी काळपट, थंड. टाचणी टोचली. त्यांना कळली नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुर्बीण पिठाच्या डब्यात लपवली. खुर्ची भिंतीकडे फिरवली. यांना सगळं सांगितलं, तिकीटबाईचा शब्द न् शब्द. त्यांनी ऐकून घेतलं. दुपारपर्यंत पायांना ऊब आली, अंगठा हलवून दाखवला. माझा जीव भांड्यात पडला.

मग मी एकदाच बाहेर बघितलं. कालपर्यंत मांड्यांपर्यंत वर आलेला तो, परत छातीपर्यंत गेला होता. दोन्ही हात वर. लांबून तोंड दिसत नव्हतं, पण मोठं उघडलेलं असावं. पक्षी त्याच्या भोवती चोची खुपसत चरत होते.

माझ्या चेहऱ्यावरून यांनी ओळखलं. मोठ्याने रडले. लग्नानंतर पहिल्यांदा.

“त्याच्या जागी तू तिथे असतीस तर?” म्हणाले. “आणि इथे कोणी खुर्ची फिरवली असती तर?”

दुर्बीण मी दिली नाही. नाही दिली. पण साध्या डोळ्यांनाही दिसतं ना.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नणंदेला फोन केला. खरं सांगितलं नाही, दमट हवा यांना मानवत नाही एवढंच म्हटलं. तिने एका शब्दात होकार दिला, खोली रिकामीच आहे, वहिनी, उद्याच या. भाऊ म्हटला की ती असं वागते, देव तिचं भलं करो. उद्या सकाळची बस.

सामान बांधलं. यांचे पाय परत गार. मी पाठ फिरवली की खुर्ची वळवत असणार. विचारलं तर म्हणाले, थोडाच राहिलाय गं. नुसती पावलं रुतलीत त्याची.

यांना उचलून उभं करायला गेले. जमिनीत पुरलेल्या खांबासारखे जड. उद्या बसच्या चालकाला मदतीला बोलावीन. टेम्पोवाल्यालाही. कुणालाही.

शुक्रवार

फाटकाची किल्ली तिकीटबाईकडे द्यायला गेले. तेवढंच. जाऊन परत. धावतच.

खुर्ची रिकामी.

चपला खुर्चीखाली, भरलेल्या. बाहेरून मी लावलेलं कुलूप तसंच होतं. हाका मारल्या. पलंगाखाली बघितलं, मोरीत बघितलं, कपाटात बघितलं, काय वेड्यासारखं, कपाटात.

मग बाहेर.

तो तिथे नव्हता. चिखल साफ. आणि वाटेच्या फळ्यांवर ओली पावलं, झोपडीकडून इकडे येणारी.

दुर्बीण पीठ झाडून डोळ्यांना लावली. जिथे तो होता तिथे एक गोल. मडक्यासारखं. पण पांढरं. यांचे केस गेल्या वर्षीच सगळे पिकले —

शुक्रवार, नंतर

बचाववाले आले. परत गेले. बाई, तुमचा नवरा घरातून कुठे गेला ते आधी पोलिसांना सांगा, म्हणाले. मी बोट दाखवत राहिले. त्यांनी माझा हात हळूच खाली केला.

तिकीटबाई पळाली. खोपटात विणकाम तसंच. तो तिच्या खिडकीसमोर उभा राहिला असणार. तिने ओळखलं असणार.

बस आली नाही. तो थांब्यावरच्या बाकावर बसलाय. पडवीच्या कडेच्या काचेतून दिसतो. पाठमोरा. बाकाखाली पाणी साचलंय.

नणंदेचा फोन वाजतोय. काय सांगू तिला?

शनिवार

भरती येऊन गेली. मी बघत होते. पाणी केसांवरून गेलं तेव्हाही त्याच जागेवर नजर.

कपाळ आलंय. भुवया.

माझे पाय गार पडलेत. पडू देत.

लिहिते आहे ते कागदाकडे न बघता. ओळी एकमेकींवर चढत असतील. नजर काढली की हे खाली जातात, मघाशी डोळे चोळले तेवढ्यात भुवया गेल्या. परत आणल्या.

शनिवार, नंतर

डोळे उघडले यांनी. इकडेच बघतायत.

डावीकडचा ओठ —

नाक, तोंड सगळं आलं. श्वास घेतायत. मी इथून मोठ्याने सांगते, घ्या, अजून एक घ्या. क्रेनवरून खालच्या माणसाला सांगतात तसं.

माझे पाय उचलत नाहीत. बघायचं नाही पायांकडे.

रविवार

दार वाजलं. उघडलं नाही. त्याच्याकडे किल्ली आहे. आधी त्याचंच घर होतं हे.

मागच्या खोलीत चालतोय. ओली पावलं, सावकाश. पिठाचा डबा उघडला. बंद केला. कपात पाणी ओतून प्यायला, खूप वेळ, घटाघटा.

काही करत नाही. उभा आहे. चिखलाचा वास.

मी म्हटलं, तुम्हाला यांनीच वर काढलं. तुम्हीही बघा ना. आपण दोघं बघू, लवकर येतील.

तो म्हणाला, नको. आवाज फार बरा आहे त्याचा, आजारी माणसाला समजावतात तसा. म्हणाला, त्यांनी मला काढलं, आता ते तिथे. तुम्ही त्यांना काढाल, मग तुम्ही तिथे. मग ते तुमच्याकडे बघतील. कोणीतरी बघायचं थांबायला हवं, बाई.

मी म्हटलं, उद्या थांबेन. आज खांदे आलेत —

गुडघ्यापर्यंत थंड. वर चढतंय.

छाती दिसायला लागली. हात सुटला त्यांचा. उजवा. हलवतायत. नको म्हणून की ये म्हणून, कळत नाही इथून —

तो खुर्चीच्या मागे आलाय. थेंब मानेवर पडतायत.

हात पुढे करतोय. दोन्ही बाजूंनी. माझ्या डोळ्यांवर —

थांबा हो, थोडं थांबा, डावा हात राहिलाय अजून, तो त्यांना हलवता येत नाही, मीच लागते त्या हाताला —